हरिहर परत येईपर्यंत

"लोकशाही मतांवर नाही, सभ्यतेवर उभी असते!" असं दिलीप कारखानीसांनी खड्या आवाजात जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या अंगात इस्त्रीचा कुर्ता होता आणि खाली, कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. प्रश्न एवढाच होता, की हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावच्या मराठी मंडळाने यंदाचा गणपती हॉलमध्ये बसवायचा की झूमवर.

दिलीप झूमवाले. त्यांचे नेहमीचे प्रतिस्पर्धी हरिहर हॉलवाले. पण ते आईला भेटायला म्हणून पुण्याला गेले आणि विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. तिथे नेटचीही बोंब. त्यांचं मत नाही म्हटल्यावर झूमवाले आयते जिंकत होते. तेव्हा दिलीपनी ब्रिटिश संसदेतली एक रीत काढली. एका बाजूचा सभासद गैरहजर असला, की समोरच्या बाजूचाही एक जण मत देत नाही. दोघांची जोडी लागते.

"हरिहर परत येईपर्यंत मला मोजू नका," ते म्हणाले.

"मंजूर," अध्यक्ष पद्मजाताई म्हणाल्या.

हरिहर परत आले नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. शोकसभेत दिलीप बोलले, रडलेसुद्धा. त्यानंतरच्या बैठकीत त्यांनी मतासाठी हात वर केला. पद्मजाताईंनी सगळ्यांचे मोजले, त्यांचा सोडून.

"ताई, माझा हात?"

"तुमची जोडी आहे ना?"

"अहो, पण हरिहर वारले!"

"हो ना, फार वाईट झालं. पण परत आले का?"

दिलीपनी ते हसण्यावारी नेलं. मग सुपरमार्केटचं सरकतं दार त्यांच्यासाठी उघडेना. बाबागाडीवाली एक बाई आली, तिच्या मागून ते आत शिरले. लसीच्या रांगेत नर्सने त्यांच्या पुढच्याला बोलावलं, नंतर मागच्याला. "एक्स्क्यूज मी!" ते जोरात म्हणाले. नर्सने मास्क सारखा केला आणि त्यांच्या आरपार भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

घरी बायकोने, आसावरीने, एकच ताट वाढलं.

"आणि मला?"

"अगंबाई!" ती दचकली. "तुम्ही घरात होतात?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा एकच ताट वाढलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

ती दचकलीसुद्धा नाही.

आता मात्र दिलीपची पाचावर धारण बसली. बैठक सुरू होताच ते कॅमेऱ्यापुढे अक्षरशः हात जोडून म्हणाले, "ताई, जोडी मोडा. मला मोजा हो!"

पद्मजाताई मोदकांबद्दल बोलत राहिल्या.

इतक्यात पडद्यावर आणखी एक चौकोन उघडला. काळा. खाली नाव होतं: हरिहर.



"या, या," पद्मजाताई म्हणाल्या. "बराच उशीर केलात." मग चष्मा वर सरकवून, "अरे वा, दिलीपरावही आहेत की! चला, घेऊ या मतं."

"अहो," स्वयंपाकघरातून आसावरीची हाक आली, "चहा घेणार ना?"

दिलीपना रडूच फुटायचं बाकी राहिलं. हात वर करणार, तोच छपरावरून एक विमान गेलं. तोच आवाज काळ्या चौकोनातूनही आला.

"हरिहर, मागची खिडकी लावता का जरा?" पद्मजाताई म्हणाल्या.

दिलीपच्या पाठीमागे खिडकीची कडी बसली.

त्यांनी मान वळवली नाही.

"दिलीप," कानाशी कुणीतरी खाकरलं, "थोडा सरकतोस का? अर्धी खुर्ची पुरेल मला."