सात इंच मोकळे

"आत चाललात, की बाहेर येताय?"

आवाज मागून आला. मी बाबांच्या गाडीत बसले होते. गाडीचं तोंड आमच्या गॅरेजमध्ये होतं, शेपूट रस्त्यावर, आणि मी बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंच्या विटांच्या खांबांत. दार उघडलं असतं तर जेमतेम माझा हात बाहेर गेला असता. डावीकडून नुकताच एक लांबलचक खरवडल्याचा आवाज येऊन गेला होता.

"अडकलेय," मी काच थोडी खाली करून म्हणाले.

"ते दिसतंय. दोन उपाय आहेत. डिकीतून रांगत बाहेर या, नाहीतर मी सांगतो तशी मागे या."

"आणि तुम्ही कोण?"

"फेरीबोटीवर गाड्या लावतो. तुमच्यासारख्या रोज तीनशे येतात." जरा थांबून तो म्हणाला, "तुमच्यासारख्या म्हणजे... गाड्या."

मधल्या आरशात तो दिसत होता. करडा रेनकोट, काखेत पावाचं पुडकं, आणि बारीक पावसात उंचावलेले दोन हात. डावा तळवा किंचित कलला – मी चाक वळवलं. उजवा आपल्याकडे ओढला – मी मागे आले. मूठ मिटली – थांबले. तीन मिनिटांत मी रस्त्यावर होते.

"मूठ म्हणजे थांबा, हे तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"मी वाचनालयात काम करते. तिथेही खुणांनीच बोलतात."

"आमच्याकडे इंजिनाचा आवाज, म्हणून खुणा."

"आमच्याकडे शांतता, म्हणून."

तो हसला. पावाचं पुडकं पार भिजलं होतं, ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

गाडी बाबांची हौस. बाबा शिंपी होते. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्यांच्या हातचे. गाडी घेण्याआधी त्यांनी गॅरेजचं दार आपल्या टेपने मोजलं – सहा फूट नऊ इंच. गाडीचं अंग मोजलं – सहा फूट दोन. "सात इंच मोकळे आहेत," ते आईला म्हणाले, "एवढं सैल तर मी कोटातसुद्धा ठेवत नाही." गाडी घरी आली आणि मग कळलं की आरसे मोजायचे राहिले. ते मिटता तरी येत होते. पण आत गेल्यावर दार उघडून माणसाने बाहेर यायचं असतं, हेही राहिलं होतं.

"आयुष्यभर लोकांना बाह्या लावल्या," आई म्हणायची, "आणि स्वतःच्या गाडीच्या विसरले."

बाबांनी चूक कधी कबूल केली नाही. गाडीला मोकळी हवा लागते, असं म्हणत तीन वर्षं ती रस्त्यावर उभी केली. मार्चमध्ये ते गेले. गाडी तिथेच उभी राहिली. आई रोज सकाळी ती पुसायची, त्यावर कुणाशी काही बोलायची नाही.

आता पहिल्या तारखेपासून आमच्या रस्त्यावर गाड्या उभ्या करायला बंदी येणार होती. दादाचा फोन आला होता. "भावनेच्या भरात बोलू नकोस. आत बसत असेल तर ठेवा. नाहीतर रविवारी दुपारी माझा माणूस येऊन घेऊन जाईल." दादा वाईट नाही. तो लांब राहतो, आणि लांबून सगळंच सोपं दिसतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर बोटवाला आला. मी बोलावलं नव्हतं. "खरवड किती खोल आहे ते बघायला आलो," म्हणाला आणि खरवडीकडे ढुंकूनही न बघता गॅरेजमध्ये शिरला. डाव्या भिंतीतलं स्वयंपाकघरात जाणारं दार पाहून तिथेच थांबला.

"हे उघडतं?"

"उघडतं. पण मागे फडताळ आहे."

"फडताळ हलवता येईल?"

आई आतून म्हणाली, "त्यात वीस वर्षांच्या बरण्या आहेत. हलवणारा भेटला तर हलवीन."

त्याने बाह्या सरसावल्या. एकेक बरणी उचलताना आई त्याला तिचा इतिहास सांगत होती आणि तो "हो का" म्हणत होता, तेही अगदी मनापासून.

मग त्याने बेत सांगितला. गाडी तोंडाने नाही, उलटी आत घालायची, म्हणजे चालकाची बाजू स्वयंपाकघराकडे येते. डावी बाजू भिंतीला तीन बोटांवर. आणि गाडी बरोबर त्या दारासमोर थांबली, तर तिचं दार घराच्या दारात उघडेल. चालक उतरेल तो थेट ओट्यापाशी.

"आणि बरोबर थांबली नाही तर?"

"चार बोटं पुढेमागे झालं की दार भिंतीला. मग डिकी आहेच."

"डिकी तर मागच्या भिंतीला लागलेली असेल."

त्याने विचार केला. "मग जेवण काचेतून द्यावं लागेल. मी देईन."

"तुम्ही?"

"कुणीतरी द्यायला हवं ना."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी, शेवटच्या फेरीआधी, धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही सराव केला. लोखंडी पिंपांच्या दोन रांगा म्हणजे गॅरेजचे खांब. तो समोर उभा राही, आणि मी त्याच्याकडे बघत मागे जाई.

"पिंपांकडे बघू नका. भिंतीकडे बघणारा भिंतीवरच जातो."

"मग बघू कुठे?"

"माझ्याकडे."

"हे सगळ्यांना सांगता?"

"सगळ्यांना. ट्रकवाल्यांनासुद्धा."

"तेही असंच बघतात?"

तो एकदम खाली वाकून पिंप सरळ करू लागला. पिंप सरळच होतं.

पण पिंपं पडत होती. रोज दोन-तीन. शनिवारी चार पडली. मी इंजिन बंद केलं. तो खिडकीशी आला.

"एक विचारू? तुम्ही सीटच्या कडेवर का बसता? पाय पोचत नाहीत तुमचे. ब्रेक उशिरा लागतो तो त्यामुळे. पहिल्या दिवसापासून बघतोय."

वाऱ्यावर डिझेलचा वास होता, लांब बोटीचा भोंगा झाला.

"सीट पुढे घ्या," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"ही बाबांची बैठक आहे," मी म्हणाले. "मार्चपासून कुणी हलवलेली नाही."

तो मान डोलावून दोन पावलं मागे सरकला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. किती वेळ कोण जाणे. घाई असल्याचं काही त्याच्या पाठीवरून दिसत नव्हतं.

बाबा असते तर काय म्हणाले असते, ते मला माहीत होतं. दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून फिरणारी माणसं त्यांना बघवत नसत. मी सीटखालचा दांडा ओढला. खट्... खट्... माझे पाय पहिल्यांदा पुरते टेकले.

"सहा खाचा," तो पाठमोराच म्हणाला. "मोजल्यात मी. वाटलं तर परत सहा मागे."

मग मी रडले. त्याने रुमाल दिला नाही, समजूत काढली नाही. पडलेली चारही पिंपं एकेक करून उभी केली आणि समोर येऊन हात वर केले. त्या खेपेला एकही पडलं नाही.

रविवारी अकरा वाजता मी गाडी गॅरेजसमोर उलटी लावली. बाराला दादाचा माणूस येणार होता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, हातात बाबांचा खडू. चौकटीपाशी जमिनीवर तिने रेघ ओढून ठेवली होती. आरसे मिटले. आता दिसत होता तो फक्त समोर उभा असलेला बोटवाला.

डावा तळवा कलला. मी मागे सरकले. दोन्ही खांब काचांशी आले, इतके जवळ की विटांमधला चुना दिसावा... मी पाहिला नाही. मी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि तिथेच राहिले. तो पावलापावलाने पुढे येत होता. बोटीवर शेकडो गाड्या लावणारा माणूस, पण कपाळावर घाम होता.

"अजून एक वीत," आई म्हणाली. "चार बोटं. दोन..."

मूठ मिटली. मी थांबले.

इंजिन बंद केल्यावर घर एकदम शांत झालं. मी दाराची कडी ओढली आणि दार ढकललं. ते चौकटीतून आत गेलं, थोडं आणखी गेलं, कुठेही न टेकता. मी पाय खाली ठेवला तो स्वयंपाकघराच्या फरशीवर. आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला; खडूची पावडर गालांना लागली.

दादाचा फोन आला. तो आईनेच घेतला. "बसली," ती म्हणाली. "तुझ्या माणसाला सांग, उन्हातान्हात येऊ नकोस. आम्हाला गाडी विकायची नाही." आणि त्याला बोलू न देता फोन ठेवला.

बोटवाला बाहेरच राहिला होता. गॅरेज गाडीने भरून गेलं होतं. "पुढच्या दाराने या," आईने हाक मारली. तो आला तेव्हा आई म्हणाली, "मी जरा गाडीत बसून बघते," आणि आम्हाला तिथे सोडून गेली.

तो फडताळाला टेकून उभा होता. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"बोटीवर लावलेली प्रत्येक गाडी पलीकडच्या काठावर उतरून जाते," तो म्हणाला. "मागे वळून कुणी बघत नाही. बारा वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता संध्याकाळ होईपर्यंत कामात जीव लागत नाही."

"मला उद्या कामाला जाताना गाडी काढायचीय."

"काढायला माणूस लागत नाही. सरळ पुढे."

"आणि संध्याकाळी परत आत घालायला?"

"तेव्हा लागेल."

"मग या. उद्या... परवा. मी कच्ची ड्रायव्हर आहे, आणि सुधारायचा माझा विचार नाही."

त्याने मान खाली घातली, मग वर केली. "खोटं. काल संध्याकाळपासून तुम्ही माझ्यापेक्षा चांगली लावता. पण येईन. तुम्ही आवडता मला. ट्रकवाल्यांना हे सांगत नाही."

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हणाले. वाचनालयात बोलते तितक्याच हळू. त्याला ऐकू गेलं.

त्याने हात पुढे केला आणि मी तो धरला. तेवढ्यात गॅरेजमधून भोंगा वाजला. आयुष्यात पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बसलेल्या आईने तो दाबला होता. बरण्या थरथरल्या, समोरच्या घरातलं कुणीतरी गॅलरीत धावलं. आईने हात उचलला नाही.