गळ्यावरचा हात

आई पहाटे शांतपणे गेली. सकाळी मी तिच्या शाळेत निरोप सांगायला गेलो. काम साधे होते. शेवटचे दर्शन कुठे आणि कधी, एवढेच फळ्यावर लिहून परतायचे होते. मुले बहिरी असल्याने त्या शाळेत निरोप नेहमी फळ्यावरच लिहीत. मी लिहिले. मुलांनी वाचले. कुणी रडले नाही. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या गळ्यावर हात ठेवला. ती आईची शिकवण होती.

बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणे हे तिचे आयुष्यभराचे काम. मुलाचा एक हात ती स्वतःच्या गळ्यावर ठेवी, दुसरा त्याच्याच गळ्यावर. तिच्या गळ्यातली थरथर मुलाने आपल्या गळ्यात आणायची. अशा थरथरीतून शब्द जन्मत. वर्षानुवर्षे तिचा गळा पाटीसारखा वापरला गेला. आम्हा दोघा भावंडांनाही तिच्या त्या हाताचा धाक होता. तिला शंका आली की तिची बोटे आमच्या गळ्याशी येत. खोटे तिथेच सापडे.

प्रत्येक मुलाला ती पहिला शब्द शिकवी तो त्याचे स्वतःचे नाव. एका सहशिक्षिकेने तिला विचारले होते, "बाई, तहान लागली तर लेकराने नाव सांगून काय करायचं? आधी पाणी शिकवा की."

"पाणी हातानं मागता येतं," आई म्हणाली होती. "बंद दारातून हात दिसत नाही."

या उत्तराचे मूळ आम्हाला ठाऊक होते. आम्ही जाणते झाल्यावर तिने एकदाच सांगितले, पुन्हा कधी नाही. तरुणपणी ती सैन्यात परिचारिका होती. इस्पितळ एका तळघरात होते आणि त्याच्या दाराचा हुकूम स्पष्ट होता. दार वाजले की आतून नाव विचारायचे. उत्तर नाही, तर दार नाही. एका रात्री दार वाजले. पहाऱ्यावर आई होती. तिने नाव विचारले. उत्तर आले नाही, थापा मात्र पडत राहिल्या. ती विचारत राहिली. हळूहळू थापा मंदावल्या, मग थांबल्या. सकाळी पायरीवर आपल्याच सैन्यातला एक मुलगा मरून पडलेला आढळला. स्फोटाने त्याचे दोन्ही कान गेले होते. आईचा प्रश्न त्याला ऐकूच आला नव्हता.

हुकूम पाळल्याबद्दल वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली. तिने स्वतःला माफ केले नाही. आज्ञापालन हा सद्गुण आहे, परंतु त्याने प्रत्येक वेळी मन स्वच्छ राहतेच असे नाही. युद्ध संपले, वडील लवकर वारले, आम्ही दोघे तिच्या पदरात. तेवढ्यातही ती शाळेत रुजू झाली आणि अखेरपर्यंत तिथेच राहिली.

दुपारी तिचे विद्यार्थी घरी आले. लहान, मोठे, केस पिकलेलेही. आमच्या मधल्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. शिकवणीला येणारी मुले पाय आपटल्याची खूण तळव्यांनी ओळखतात, म्हणून आईनेच ती करून घेतली होती. सगळे अनवाणी आत आले.

"अख्खी शाळा बोलावलीस," ताई माझ्या कानाशी पुटपुटली. "आता उभं कुठे करणार? छपरावर?"

ताई दुःखात अशीच बोलते.

सर्वांत पुढे थोरली होती. आईची पहिली विद्यार्थिनी, म्हणून सगळे तिला थोरली म्हणत. आता तीच त्या शाळेत शिकवते. तिने वाकून आईच्या गळ्यावर हात ठेवला. असा निरोप मला उचित वाटला. परंतु तिने हात उचलला नाही. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. तिने खुणेने मागच्या माणसाला बोलावले. तो सुतार होता, धिप्पाड आणि अबोल. त्याने आपला रुंद पंजा तिथे ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"बाई... बोलतात," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात चढउतार नसतात.

"काय बोलतेस हे!" ताई म्हणाली. "सकाळीच डॉक्टर बघून गेले ना?"

मी आईच्या गळ्याला हात लावला. थंड, ताठ. थरथर कसली ती नव्हती. तरीही खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना पुन्हा वर आणले. त्यांनी तपासले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शंका ठेवू नका. माउली पहाटेच गेली."

ते उतरून गेले. थोरलीचा हात गळ्यावरच होता.

"काय म्हणते आई?" मी ओठ स्पष्ट हलवून विचारले.

"नाव सांग. ... कोण आहे? ... नाव सांग." ती थांबली. "पुन्हा तेच. ... पुन्हा."

आणि त्याच क्षणी खोलीतली सगळी माणसे मागच्या दाराकडे वळली. एकदम वळली. मला काही ऐकू आले नव्हते. ताईलाही नाही. भिंतीवरचे घड्याळ तेवढे चालू होते. सुतार खाली बसला. त्याने एक तळवा फळीवर टेकला आणि दुसऱ्या मुठीने मला दाखवण्यासाठी हवेत थापा मारल्या. एक... एक... मग दोन, घाईच्या. मग पुन्हा एक.

मागच्या दाराला कडी होती. बाहेर फक्त जिना आणि अंगण.

"उघडू नकोस," ताईने माझे मनगट धरले. तिचा हात गार होता. "आई नाव विचारतेय ना? मग उत्तर येऊ दे. तिचाच नियम आहे तो."

"उत्तर येणार नाही, ताई," मी म्हणालो. "त्याला ऐकू येत नाही."

बोलून गेलो आणि आपण काय बोललो ते कळले. खोलीत ओल्या मातीचा वास येऊ लागला होता. त्यात औषधाचा आणि जळक्या लोखंडाचा वास मिसळलेला. खिडक्या बंद होत्या.

"तोच मुलगा आहे की दुसरंच कुणी, ते तुला ठाऊक आहे?" ताई कुजबुजली. "त्या रात्री दार उघडलं नाही म्हणून ती जन्मभर रडली. आणि आज... आज ती का विचारतेय मग? आज तर उघड म्हणायला हवं होतं तिनं."

थोड्याच वेळात आईला न्यायला गाडी येणार होती. प्रश्न विचारता विचारताच तिला नेले, तर ती कुठवर विचारत राहील?

"बाई दमल्या," थोरली म्हणाली. "थरथर बारीक झाली. ... थांबत नाहीत."

मी देवाचे नाव घेतले आणि कडी काढली.

बाहेर कुणी नव्हते. जिन्यावर ऊन होते. दोरीवर आईची चादर वाळत होती. मग छातीला गारवा लागला, कुणी अंग चोरून शेजारून आत जावे तसा. मी वळलो. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या आणि त्या सरकत होत्या. एक फळी, मग पुढची, मग त्यापुढची. आईच्या पलंगाशी त्या थांबल्या.

"आई?" मी विचारले.

थोरलीने बराच वेळ हात दाबून धरला. "गप्प," ती म्हणाली. "आता गप्प."

ताई रडू लागली. मी डोळे मिटून ईश्वराचे आभार मानले. उघडले तेव्हा नजरा पुन्हा सरकत होत्या. पलंगापासून माझ्याकडे. त्या माझ्या पायांशी येऊन थांबल्या. सुताराचा तळवा फळीवरच होता. त्याने मान वर करून माझ्या खांद्यामागे पाहिले आणि तो घाईने उठला.

त्यानंतर जमिनीने त्यांना काही सांगितले नाही. गाडी आली. आईला आम्ही नीट पोहोचवले.

पुढे शाळेने तिच्या स्मरणार्थ सभा भरवली. तिच्या दीर्घ सेवेवर मी बोलावे असे ठरले. त्या शाळेत वक्त्याशेजारी कुणीतरी उभे राहते, एक हात त्याच्या गळ्यावर ठेवते आणि दुसऱ्याने सभेला खुणा करून दाखवते. थोरली माझ्याजवळ उभी राहिली. तिची बोटे गळ्याला लागली. बोलण्याआधी प्रार्थना करावी म्हणून मी हात जोडले, डोळे मिटले आणि मूक राहिलो.

डोळे उघडले तेव्हा थोरलीचा मोकळा हात झरझर चालत होता, पुन्हा पुन्हा त्याच खुणा: नाव सांग. कोण आहे? नाव सांग. मी अद्याप एक शब्दही उच्चारला नव्हता. समोर पहिल्या रांगेतली मुले एकेक करून उभी राहत होती, आपापल्या गळ्यावर हात ठेवत होती आणि माझ्याकडे पाहत आपले नाव सांगत होती.