प्लास्टरच्या डोक्याला झोप लागते

भर दुपारी, रुग्णालयाच्या तळघरात, मेंदूचा आलेख काढणारा तंत्रज्ञ आपल्या थोरल्या बहिणीच्या डोक्याला जेली लावत होता. भाऊजी जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून ताई हसली नव्हती, धड जेवत नव्हती, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय?" म्हणायची. आज निदान ही तारांची टोपी तरी घाल म्हणून त्याने तिला कशीबशी आणली होती.

"केसांचा पार चिकटा केलास रे," ताई म्हणाली.

पडद्यावर रेघा उमटल्या. उदास माणसाच्या कपाळामागच्या मेंदूची एक बाजू जरा सुस्त दिसते, असं डॉक्टर म्हणायचे. पक्कं कोणीच सांगत नसे. त्याला बिचाऱ्याला बहिणीचा चेहरा पुरेसा होता.

नोंद संपली. आकार बिघडू नये म्हणून त्याने टोपी नेहमीसारखी प्लास्टरच्या डोक्यावर चढवली. यंत्र बंद करायचं तेवढं विसरला.

रेघा चालूच राहिल्या.

"ताई... हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? टोपी तिकडे आहे."

रेघा चांगल्या जाग्या माणसाच्या होत्या. त्याने तारा दोनदा तपासल्या. ताई मात्र भडकली. "यंत्रही तुझ्यासारखंच! सकाळपासून मला उपाशी बसवलंय, वर..." तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तशा रेघा संथ झाल्या, लांबट झाल्या.

"झोपलं..." तो पुटपुटला. "डोकं झोपलं, ताई."

ताई गप्प झाली. रेघा जाग्या झाल्या. ती बोलली, पुन्हा झोप.

"अगंबाई, हे तर आमचे हे! तीस वर्षं मी तोंड उघडलं की यांचा डोळा लागायचा!" आणि ताई हसली, पोट धरधरून हसली. भाऊ टेबलाखाली शिरायच्या बेतात होता.

तिने डोक्यापुढे खुर्ची ओढली. "अहो... एकटीला घर खायला उठतं हो. सकाळी उठावंसंच वाटत नाही. जाऊ का डॉक्टरांकडे?"

या वेळी रेघा झोपल्या नाहीत. तिचं बोलणं संपेपर्यंत टक्क जाग्या राहिल्या.

ताईने केस पुसले आणि कोणाला न विचारता जिना चढून डॉक्टरांकडे गेली.

भावाने हळूच टोपी काढली. प्लास्टरच्या गालांवरून दोन ओघळ आले होते. जेली असेल, म्हणून त्याने बोट लावलं. जेली थंडगार असते... हे कोमट होतं.

भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तो पाठ न दाखवता मागच्या मागे दारापर्यंत गेला.

"येतो, भाऊजी," तो म्हणाला, आणि दिवा चालूच ठेवला.