बारावी पट्टी

पहिल्याच भेटीत एखाद्या मुलीला काय विचारू नये याची कुणी यादी केलीच, तर ‘हे शिजायला किती वेळ लागतो हो?’ हा प्रश्न पहिल्या पाचांत यायला हरकत नाही. त्याने नेमका तोच विचारला.

ती संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर बेसिनपाशी उभी राहून शिंपले घासत होती. कोपरापर्यंत फेस, कपाळावर एक चुकार बट. वळून पाहिलं तर मागे एक उंच, किडकिडीत माणूस हातात रिकामी किटली घेऊन ताटकळत उभा.

“शिजवायला नाही, शिकायला आणलेत,” ती म्हणाली.

“शिंपल्यांकडून?”

“माणसांकडून शिकून पाहिलं. फारसं काही हाती लागलं नाही.”

तो हसला. त्याचे आधी डोळे हसले, ओठ मागाहून... हे आपल्या लक्षात यावं याचा तिला जरा रागच आला. तिने एक शिंपला उलटा करून त्याच्यापुढे धरला. आतला थर आधी गुलाबी झळकला, मग हिरवा.

“हा जवळजवळ सगळा खडूच आहे. फळ्यावरचा खडू दोन बोटांनी मोडतो, आणि हा हातोडीलाही सहजी दाद देत नाही. खडूचे बारीक कपचे एकावर एक, मध्ये नावाला डिंक. भट्टी नाही, कारखाना नाही. एक लिबलिबीत जीव समुद्रात बसल्या बसल्या करतो हे!”

त्याने शिंपला घेतला आणि आतून अंगठ्याने हलकेच पुसला. “कमाल आहे,” एवढंच म्हणाला. पण असं म्हणाला, की शाबासकी शिंपल्याला नाही, आपल्यालाच मिळाली असं तिला वाटलं.

हाच तो यमराज, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

नाव संस्थेतल्या पोरांनी ठेवलं होतं. कुणी कितीही मेहनतीने काहीही बनवो, शेवटी ते त्याच्या खोलीत यायचं. दोन आधारांवर वस्तू आडवी ठेवायची, वरून पोलादी दांडा सावकाश खाली आणायचा, आणि ती किती भार सोसून मोडते ते पाहायचं, ही त्याची नोकरी. खोलीत मशीनच्या तेलाचा वास, टेबलावर कायम उकळणारी किटली आणि कपाटात मोडलेल्या तुकड्यांचे डबे, प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. मोडक्या तुकड्यांची इतक्या निगुतीने काळजी घेणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. मनातल्या मनात तिने त्याला त्याच दिवशी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

ती शिंपल्याची नक्कल करत होती. मातीचे डोळ्यांना न दिसणारे कपचे डिंकाच्या पाण्यात सोडायचे; पाणी उडत गेलं की ते आपले आपण आडवे होत एकावर एक रचले जायचे. कुणी बसवायला नको. अशा बोटभर लांबीच्या बारा पट्ट्या, आणि त्यांच्यामागे तीन वर्षं. महिनाअखेर विभागप्रमुख बाईंपुढे पट्टीचा चिवटपणा सिद्ध झाला नाही, तर काम बंद. मग गावी परतायचं, शाळेतली नोकरी धरायची. आईने खोलीही झाडून ठेवली होती.

बाराही पट्ट्या तिने भट्टीत खडखडीत वाळवल्या आणि बंद डब्यात घालून खाली नेल्या.

“यमराज, जरा दयेने,” ती म्हणाली.

“यमराज, तेही तोंडावर? तुम्हालाच घाबरत असतील सगळे,” तो म्हणाला.

“बाई सोडून सगळे घाबरतात.”

“मग मीही घाबरायला लागतो. उगाच अपवाद कशाला?”

हसणं तेवढंच झालं. पडद्यावरची रेघ सरळ वर चढायची, आणि टक्! काचेसारखे दोन तुकडे. पुन्हा टक्. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा झाल्या. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. “मशीन तापलंय. बारावी... नंतर करू.”

“करा तुमच्या सवडीने. तिचंही तेच होणार.” ती गेली आणि दहा दिवस खाली फिरकली नाही.

बाईंपुढे उभं राहायच्या आदल्या सकाळी ती तुकडे न्यायला आली. मोजले तर बावीस; चोवीस हवे होते. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. किटलीशेजारी, पेनांच्या पेल्याला टेकवून, बारावी पट्टी अखंड उभी होती.

“ही... इथे? शोभेला ठेवलीत?” तिचा आवाज चढला. “माझी तीन वर्षं पाण्यात चाललीत, आणि तुम्ही—”

“मोडवेना,” तो म्हणाला.

“काय?”

“अकराही वेळा तुम्ही डोळे मिटून घेतलेत. बाराव्या वेळी माझा हात बटणावर जाईना. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.”

तिने पट्टी उचलून त्याच्या हातात दिली. “ठेवा मशीनवर,” ती म्हणाली.

“दहा दिवस वाफ खातेय ती. नरम पडली असेल.”

“ठेवा हो!”

दांडा खाली आला. रेघ चढली, आधीच्यांपेक्षा सावकाश. टक् झालं नाही. रेघ जरा वाकली, पायरीभर उतरली... आणि पुन्हा चढली! पट्टीच्या पोटात बारीक तडा गेला, पण तो सरळ जाईना. वळला, आडवा पळाला, कुठेतरी अडकून बसला. पट्टी वाकत राहिली, पण सोडत नव्हती.

“डिंक!” ती ओरडली. “कोरडा डिंक काच होतो! जरासं पाणी प्यायला की ताणतो, मग कपचे घसरतात, पण एकमेकांना सोडत नाहीत. समुद्रातल्या जिवाकडून सगळं शिकले आणि पाणी तेवढं विसरले! अशी कशी मी?”

“हुशार,” तो म्हणाला. “दुसरं काय?”

त्याची बाही आपण मुठीत धरली आहे हे तिला तेव्हा कळलं. तिने सोडायची घाई केली नाही.

नोंदवहीत एक रकाना होता: उशिराचं कारण. तो भरल्याशिवाय चाचणी ग्राह्य धरत नसत. पेन हवेत धरून त्याने विचारलं, “इथे काय लिहू?”

“खरं ते लिहा!” असं म्हणत ती आलेख काढायला जिन्यावरून धावत सुटलीदेखील.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग नोंदवही उघडली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं: “‘कारण— मोडवली नाही. बनवणारी आवडते. चूक माझी आहे, पट्टीची नाही. पट्टी उत्तम आहे.’”

खोलीत कुणीतरी खोकलं. तिचे कान असे तापले, की त्यावर किटली ठेवता आली असती.

“वीस वर्षं या वह्या वाचतेय,” बाई म्हणाल्या, “‘वीज गेली’ याखेरीज दुसरं कारण वाचलं नव्हतं. एका पट्टीवर माझा विश्वास नाही. सहा महिने देते, पन्नास करून आणा. किती ओल, किती दिवस, ते तुम्ही दोघं बसून ठरवा.”

ती खाली आली तेव्हा तो मशीनच्या मागे नसलेलं काम शोधत होता.

“रागावलात?” त्याने तिकडूनच विचारलं.

“अख्ख्या विभागाला सांगितलंत. मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुमच्या अकरा पट्ट्या मोडणाऱ्याने कुठल्या तोंडाने सांगायचं?”

“याच. चांगलं आहे की.” ती बोलून गेली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. “मलाही तुम्ही आवडता. नोंद करून घ्या हवं तर.”

त्याचे डोळे आधीच हसायला लागले होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा.

“आई, मी येत नाहीये गं... हो, काम चालू राहणार. आणि... एक जण आहे.”

आईने लगेच विचारलं, “कोण? करतो काय?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “लोकांनी बनवलेलं मोडतो.”

“अगं बाई! आणि असला कसा तुला सापडला?”

“माझी बारावी पट्टी मात्र त्याला मोडवली नाही, आई.”

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “दे बघू त्याच्याकडे फोन.”

यमराजाने कपाळावरचा घाम पुसला आणि दोन्ही हातांनी फोन घेतला.