वरच्याच गाठी ओल्या

मारेगावच्या कापसाच्या जिनिंगसमोर आभाने स्कूटरसाठी सावली शोधली. फाटकावरच्या बाभळीच्या जागी नुसता ताजा बुंधा होता.

"उन्हातच लाव," मंदार म्हणाला. आभा भौतिकशास्त्र शिकून खाजगी तपास करायची. तिचा हा मावसभाऊ सोबतीपेक्षा चहासाठी जास्त यायचा.

जिनिंगचे मालक नंदकिशोर तापलेलेच होते. "माझ्यासमोर कंटेनर भरला, सील लागलं. बंदरात जहाजाची वाट पाहत उभा होता. तिथं तपासला तर रुईच्या गाठी ओल्या! सगळा माल परत. या ओमनं त्याच्या बंजारा तांड्यावर सील न तोडता बिजागरी काढून दार उघडलं, आत पाणी शिंपून पूजा केली. बंदराची खेप आता याले नाही!"

ड्रायव्हर ओम मान खाली घालून उभा होता. शेजारी त्याची आई, भुरीबाई.

"तांड्यावर थांबला होता?" आभाने विचारलं.

"हो, ताई. याडीनं चाकावर पाणी घातलं. बस, तेवढंच."

"कायले नाही घालू?" भुरीबाई उसळली. "आमचे आजे बैलावर मीठ वाहात. माल निघाला का बैलाच्या पायावर पाणी. आता बैल नाही, चाक हाय."

"कोणत्या गाठी भिजल्या, काका?"

"वरचा थर. दारापासून पार मागपर्यंत. खालच्या कोरड्या."

रिकामा कंटेनर आवारातच होता. आभा मंदारला घेऊन आत शिरली. "ओमभाऊ, दार लावा."

मिट्ट काळोख.

"काहीच दिसत नाही," मंदार कुरकुरला.

"तेच पाहायचं होतं."

दार उघडलं. मंदार तळाच्या फळ्यांवर टेकला होता. उठताना पँट चिकटली. आभाने फळीचा वास घेतला.

"या कोणी टाकल्या?"

"मीच," नंदकिशोर ऐटीत म्हणाले. "बंदरावरून निरोप होता, गाठी तळाला टेकू देऊ नका. घरचंच लाकूड कापलं."

चहा आल्यावर आभा बोलली.

"छताला भोक असतं, तर अंधारात उजेडाचा ठिपका दिसला असता. दारातून पाणी शिंपलं असतं, तर दाराजवळच्याच गाठी भिजल्या असत्या. भरलेल्या कंटेनरात मागपर्यंत हात जात नाही. म्हणजे पाणी आधीपासून आत होतं."

"कशात?"

तिने मंदारच्या पँटवरच्या डिंकाकडे बोट दाखवलं. "तुमच्या बाभळीत. लाकूड ओलं होतं. बंदरात दिवसा पत्रा तापला, फळ्यांतली ओल वाफ होऊन वर गेली. रात्री पत्रा गार पडला, तिचं पाणी होऊन वरच्या गाठींवर ठिबकलं. काका, पूर्वी बंदर समुद्राकाठी सुरू व्हायचं. आता सील इथं लागतं, तर ते तुमच्या फाटकातच सुरू होतं."

नंदकिशोरांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी ट्रकची किल्ली ओमपुढे धरली. "चुकलो, बाबू. वाळलेल्या फळ्या आणतो. खेप तूच ने."

भुरीबाईनं डोळे पुसले. "दर्या कसा हाय रे, ओम?"

"एवढ्या खेपा केल्या याडी, दर्या दिसलाच नाही. नुसते कंटेनरच्या डब्यांवर डबेच."

"मग या खेपेले दोघंही पाहून या," नंदकिशोर म्हणाले.

भुरीबाई लोटा भरायला निघालीसुद्धा.

"काकी, चाकावरच हं!" नंदकिशोरांनी मागून हाक दिली.

सगळे हसत उठले. मंदार तेवढा खुर्चीला चिकटून राहिला.