पिशवीवर नीट, हातात वाकडी

अंजना आली तेव्हा विष्णुपंत बाळाजीच्या चहात मीठ घालत होते.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवायच्या कारखान्याच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस. खालची मशिनं सुरू झाली की टेबलावरचा ग्लास स्वतःच चालत कडेला यायचा. दारावर पाटी होती : विष्णुपंत प्रधान, खासगी तपास. पाटीत बाळाजीचं नाव नव्हतं. तो निवृत्त हवालदार, आणि नऊ वर्षं विष्णुपंतांच्या मागे फिरून अजून त्यांच्या हातचा चहा प्यायचा, यातच त्याची हुशारी आली.

"बस गं," विष्णुपंतांनी चमचा लपवला. "काय चोरीला गेलं?"

"चोरीला नाही. बिघडवलं." पोरगी वीस-एकवीसची, अंगानं लहानखुरी. "माझी रायफल. म्हणजे क्लबची, पण मारते मीच."

अंजना मोरिवलीची. बाप शिवराम ज्या कारखान्यात होता तो आठ महिने बंद. बदलापूरच्या पुढे बारवी रस्त्यावर एक छोटा रायफल क्लब होता, तिथं ती चार वर्षं नेमबाजी शिकत होती. येत्या रविवारी मुंबईला निवड होती. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. पण क्लब एकालाच पाठवणार होता.

"सोमवारी मी शंभरात शहाण्णव मारले. मंगळवारी आम्ही सगळे नागपूरला गेलो, दीक्षाभूमीवर. शनिवारी परत आले आणि एक्याऐंशी. मग एकोणऐंशी. गोळी कुठं जाईल ते मला कळत नाही. आज चारला शेवटची चाचणी आहे. हरेशनं काल ब्याण्णव मारलेत. मी त्याच्या खाली राहिले तर तो जाणार."

"आणि तुला वाटतं हरेशनं काहीतरी केलं."

"दुसरं कोण करणार?"

बाळाजीनं चहाचा घोट घेतला, दोघांकडे बघितलं आणि तो गिळला. पाहुणीसमोर थुंकणार कसा?

"उठ बाळाजी," विष्णुपंत म्हणाले. "बदलापूरला चांगला चहा मिळतो."

*

क्लब म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एक पत्र्याची शेड, एक खोली आणि पन्नास मीटरवर मातीचा बांध. सेक्रेटरी शंकरराव. कपड्यांना इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री.

"खासगी तपासनीस? रायफलीसाठी?" ते म्हणाले. "अहो, रायफल ठणठणीत आहे. पोरीचा धीर सुटलाय."

"असेल. पण रायफल कशी आहे ते तर सांगा."

शंकररावांना तेवढंच हवं होतं. "मूळ शिकारीची. शिकारीवर बंदी आली तेव्हा एका इनामदारानं क्लबला देऊन टाकली. डोंगर चढताना खांद्याला जड नको, म्हणून नळी अशी पेन्सिलीसारखी बारीक. वजनाला हलकी, अंजनाला झेपते. पण बारीक नळी फार नखरेल असते. पावसात नळीखालचं दस्त्याचं लाकूड फुगायचं आणि नळीला चिकटायचं. मग गोळ्या वाट्टेल तिथं. ऑगस्टात मिस्त्रीकडून लाकूड आतून तासून घेतलं. आता पुढची हातभर नळी लाकडाला कुठंच टेकत नाही. तेव्हापासून पोरगी नव्वदच्या खाली आली नव्हती."

"आणि शनिवारपासून?"

"मी स्क्रू बघितले, घट्ट. नळी साफ. काडतुसं त्याच खोक्यातली. मग हरेशला सांगितलं, वाळूच्या पिशवीवर टेकव आणि पाच मार. हे बघा." त्यांनी कागदी टार्गेट पुढे केलं. पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती.

"जरा वर आहेत," बाळाजी म्हणाला.

"दोन बोटं. ते नेम खाली घेऊन जमवता येतं. पण एकत्र आहेत ना? म्हणजे रायफल नीट. दोष हाताचा."

विष्णुपंतांनी टार्गेट घडी करून खिशात घातलं. "बंदुकांच्या कपाटाच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक चांगोकडे. हत्यारं तोच सांभाळतो. हरेश शुक्रवारी स्वतःची रायफल घ्यायला खोलीत गेला होता, हेही सांगून टाकतो. नंतर म्हणाल लपवलं."

*

हरेश शेडमध्ये बसून पाय हलवत होता. कॅम्प तीनमधल्या एका कापडवाल्याचा पोरगा.

"अंकल, तुम्ही आमच्याच एरियाचे, आणि मलाच पकडायला आले?"

"अजून पकडलं नाही. तिला वाटतं तू स्क्रू ढिला केलास."

"ढिला असता तर पिशवीवर पण गोळ्या पसरल्या असत्या ना? डोकं लावा थोडं. माझी स्वतःची जर्मन रायफल आहे. तिच्या त्या काडीला मी कशाला हात लावू?"

"लावलास की. पिशवीवर तूच मारलीस. पट्टा लावला होतास?"

"पिशवीवर पट्टा कशाला? पट्टा हातात धरून झोपून मारताना लागतो. दंडाला ताणून बांधायचा, की रायफल हलत नाही. इथं काय, नुसती ठेवली आणि चाप दाबला."

"अंजना पट्टा लावते?"

"नियमच आहे झोपून मारताना. सगळेच लावतात." हरेशनं पाय हलवायचे थांबवले. "म्हणजे मी वाचलो का?"

"बस इथंच. कंटाळलास तर बाळाजी गाणं म्हणेल."

*

चांगो हत्यारांच्या खोलीत तेलाचा फडका पिळत होता. सत्तरी ओलांडलेला, वांगणीकडच्या पाड्यावरचा, काटक म्हातारा. इनामदार शिकारीला निघायचा तेव्हा पुढे वाट काढायला हाच असायचा. बंदूक क्लबला आली, तिच्याबरोबर तोही आला. लोखंडी कपाटाच्या दाराला सुकलेलं झेंडूचं तोरण लोंबत होतं.

"पोरगी रडली काल," चांगो म्हणाला. "मला नाय दाखवली, पण रडली."

त्यानं रायफल काढून बाळाजीच्या हातात दिली. बाळाजीनं ती रुबाबात खांद्याला लावली आणि लगेच मनगट झटकलं. "च्यायला, चावलं काहीतरी."

"मुंग्या," चांगो म्हणाला. "चार-पाच दिवस झालं, मुंग्या झाल्यान. मी फडका मारताव, तरी येतान."

"सगळ्या बंदुकांना?" विष्णुपंतांनी विचारलं.

"नाय. हिलाच."

"आणि हिची निगा पण राहत नाही," बाळाजी मनगट चोळत म्हणाला. "गंज धरलाय इथं. लाल रेघ."

"कुठं?"

"ही काय, कडेला."

"लोखंडावर का लाकडावर?"

"लाकडावर," बाळाजी म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं नाही.

विष्णुपंत मात्र शीळ घालत बाहेर गेले.

*

चार वाजता सगळे शेडमध्ये जमले. अंजना सतरंजीवर झोपायला निघाली, तेव्हा विष्णुपंतांनी हात आडवा घातला.

"आधी हरेश. हिच्याच रायफलीनं पाच. पण या वेळी हातात धरून, पट्टा बांधून."

"माझी चाचणी झालीय अंकल."

"ही माझी चाचणी आहे."

हरेशनं पट्टा दंडाला ताणला, कोपर टेकवलं आणि सावकाश पाच गोळ्या मारल्या. शंकररावांनी दुर्बिणीतून बघितलं, काच पुसली, पुन्हा बघितलं.

"काय झालं?" अंजनानं विचारलं.

"तळहाताएवढ्या पसरल्यात."

"म्हणजे आता हरेशचा पण धीर सुटला म्हणायचा," विष्णुपंत खुशीत म्हणाले. "का रे, रडू येतंय?"

"रायफलीतच काहीतरी आहे," हरेश उठून बसला. "पण मग पिशवीवर का नाही झालं?"

"तेच तर. स्क्रू ढिला असता, नळी घाण असती, काडतुसं खराब असती, तर पिशवीवर पण दिसलं असतं. पिशवीवर आणि हातात फरक एकच, पट्टा. पट्टा ताणला की दस्त्याचं पुढचं लाकूड ओढलं जातं. नळी लाकडाला टेकत नसेल, तर लाकूड ओढलं काय न ओढलं काय, नळीला पत्ता लागत नाही. पण मधे काही अडकलं असेल, तर प्रत्येक ओढीबरोबर नळीवरचा दाब बदलतो. मग प्रत्येक गोळीला नवा पत्ता."

"पिशवीवर दाब बदलत नाही," शंकरराव हळू म्हणाले. "म्हणून गोळ्या एकत्र."

"एकत्र, पण दोन बोटं वर. कारण खालून काहीतरी नळीला उचलतंय. हे भोकांनी काल तुम्हाला सांगितलं होतं, शंकरराव. तुम्ही ऐकलं नाहीत. बाळाजी, पेपर."

विष्णुपंतांनी पेपरची बोटभर पट्टी फाडली आणि नळी नि लाकडाच्या फटीत टोकाकडून सरकवली. पट्टी चार बोटं आत गेली आणि थांबली. जोर दिला तर दुमडली.

"स्क्रू काढा."

शंकररावांनी स्क्रू काढले. नळी वर उचलली, दस्ता उलटा धरला. काही पडलं नाही. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडलं, तेव्हा सतरंजीवर तांदळाचे दाणे पडले. कुंकवानं लाल झालेले, काळ्या चिकट गुळानं एकमेकांना धरून बसलेले. त्यातून दोन मुंग्या चालत निघाल्या.

"लोखंड गंजतं, लाकूड गंजत नाही. ती रेघ कुंकवाची," विष्णुपंत म्हणाले. "मुंग्यांना तेल आवडत नाही, गूळ आवडतो. दारावर झेंडूचं तोरण आहे. गेल्या गुरुवारी दसरा होता. हत्यारांची पूजा कोण करतं इथं?"

सगळ्यांनी चांगोकडे बघितलं.

"मीच," चांगो म्हणाला. त्याच्या हातातला फडका थांबला होता. "दरसाल करताव. गूळ-तांदूळ वाहताव, मग पुसून ठेवताव. कधी काय झाला नाय."

"दरसाल फट नव्हती. नळी लाकडाला चिकटलेली होती, दाणे वरून घरंगळायचे. ऑगस्टात लाकूड तासलं आणि त्यांना घर मिळालं. वरून पुसलंस, आतले राहिले. बाकीच्या बंदुकांना फट नाही, म्हणून मुंग्या हिलाच. शंकररावांनी पूजा बघितली असेल, त्यात सांगण्यासारखं काय वाटणार? आणि अंजना त्या दिवशी नागपूरला. तिच्या घरी ही पूजा होत नाही. तिला सुचणार कुठून?"

"यंदा हिला जास्ती वाहिलं," चांगो म्हणाला. "दुसऱ्यांना चिमूट, हिला मूठ. पोरीची परीक्षा व्हती ना."

बाळाजीनं सतरंजीवरचे दाणे पेपरात गोळा केले.

अंजना चांगोजवळ जाऊन उभी राहिली. "मामा, पुढच्या वेळी गूळ मला द्यायचा. बंदुकीला दात नसतात."

म्हाताऱ्यानं मान हलवली, पण वर बघितलं नाही. शंकररावांनी लाकूड ओल्या फडक्यानं पुसलं, सुकवलं, स्क्रू आवळले. पेपरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. अंजनानं नेम जुळवायला पाच मारल्या, आणि मग चाचणीच्या दहा. मधे दोनदा ती थांबली, डोळे मिटले, पुन्हा गाल टेकवला. चांगो बांधाकडे पाठ करून बसला होता.

टार्गेट आणायला हरेश स्वतः गेला. तिथंच उभं राहून त्यानं मोजलं. परत मोजलं. येताना तो मुळीच घाईत नव्हता.

"पंच्याण्णव," त्यानं कागद शंकररावांच्या हातात दिला. "मी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेवढेच निघाले."

शंकररावांनी पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर अंजनाचं नाव लिहायला घेतलं.

"हरेश," अंजना म्हणाली, "मी तुझ्यावर आळ घेतला. चुकलं माझं."

"ते राहू दे." हरेश विष्णुपंतांकडे वळला. "अंकल, मघाशी मी म्हणालो असतो, माझा हात दुखतोय, मी नाही मारत. तर हे निघालं असतं का?"

"वेळ लागला असता. चार तर वाजून गेले होते."

"म्हणजे रविवारी मी गेलो असतो."

"बहुतेक."

हरेश पट्ट्यानं लाल झालेला दंड चोळत म्हणाला, "बरं झालं तेव्हा सुचलं नाही."