उघडून बघायचं न्हाई

सुमितला मरण आलं ते रिक्षात. नवीन जालन्याच्या वाटेवर छाती एकदम धडधडायला लागली, तळवे घामानं चिंब, बोटांना मुंग्या. वडील असेच गेल्ते... चहा कपातच राहिला होता. त्यानं शेजारच्या मुलीचं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, मी... मी मरून राह्यलो."

"मरा, पण आधी पाय काढा. माझ्या डब्यावर दिलाय तुम्ही."

असं बोलली खरी, पण रिक्षा तिनंच दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. "हृदय ठणठणीत. त्रास मात्र खरा आहे. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं. समोर वाघ असेल तर ठीक. तुम्ही तर रिक्षात बसलेले!"

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत, त्याच्याच टेबलासमोर. संध्या, नवी नेमणूक. काम दोघांचं एकच. बियाणं ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, ठरल्या दिवशी उघडून अंकुर मोजायचे. सुमितचं बोट मात्र सारखं स्वतःच्या नाडीवर.

"काय बघता हो घडीघडी?"

"चालू हाय का ते."

"अन् बंद पडल्यावर कोण बघणार?"

रविवारी ती त्याला बुद्धविहारात घेऊन गेली. डोळे मिटायचे, श्वास आला-गेला तेवढं बघायचं. सुमितनं डोळे मिटले अन् छातीतला ढोल जास्तच वाजू लागला. तो उठला, चपला उलट्या घालून पायरीपर्यंत पोचलाही.

"बसा," मागून ती हळूच म्हणाली. "भीती पाहुणी हाय. हाकलली तर मुक्काम करती. बसू द्या, कंटाळून जाईल."

तो बसला. पुढच्या रविवारीही बसला. पाहुणी येतच राहिली, पण आता लवकर उठायची. बोट नाडी विसरू लागलं.

मग एका दुपारी, संध्या बी गुंडाळत असताना, त्यानं जीव मुठीत धरून तोंड उघडलं. "संध्या... माझे वडील छाती धरून एकदम गेले. मी किती टिकंल, सांगता येत न्हाई. तरी... तुमच्या घरी विचारू का?"

तिनं गुंडाळी कपाटात ठेवली. "हे मोजायच्या दिवशी जवाब देते. तोवर उघडून बघायचं न्हाई. गुंडाळी बी, अन् माझं मन बी."

तो आठवडा! मान आखडली, झोप रुसली. सुमित रोज पहाटे श्वास बघत बसला... अन् मधेच मिटल्या डोळ्यांत संध्या दिसली की पुन्हा पहिल्या श्वासावर.

मोजणीच्या दिवशी ती गुंडाळी घेऊन आली. कागद तिच्यानं काही सुटेना. तो मदतीला पुढं आला. जुन्या सवयीनं त्याचं बोट नाडीवर गेलं... ह्यावेळी तिच्या.

"अरे बाप रे! ही तर पळून राह्यली!"

"मंग? मी काय दगड हाय?" तिचे डोळे भरले. "तुम्ही वडिलांचं बोलल्यापासून मला बी झोप न्हाई. भ्या वाटतं... लई. तरी हो."

तिनं मनगट सोडवलं नाही. दोघं तसेच स्टुलांवर बसले, श्वास आला... गेला...

बाहेरून प्रयोगशाळेच्या रामराव साहेबांनी आवाज दिला, "उगवण किती हो?"

कुणीच मोजली नव्हती.